१६६२ चे महानिष्कासन

इंग्लंडच्या राजमान्य चर्चमधून प्युरिटन (चर्चचे विधी अधिक साधे व्हावेत असे मानणाऱ्या) पाळकांची झालेली हकालपट्टी. १६६० ते १६६२ या काळात सुमारे २,००० पाळकांना आपले पद सोडावे लागले. त्यांतले बरेच २४ ऑगस्ट १६६२ रोजी, संत बार्थोलोम्यूच्या सणाच्या दिवशी, बाहेर पडले.

राजा आणि पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्धाच्या काळात पार्लमेंटचा जोर होता, तेव्हा राजनिष्ठ पाळकांनाही अशीच घरेदारे सोडावी लागली होती, हे विसरता कामा नये. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि पारडे फिरले. (मुंबई आंदणात मिळाली तो राजा हाच.) १६६२ च्या एकरूपता कायद्याने चर्चच्या अधिकृत प्रार्थनापुस्तकातील प्रत्येक गोष्टीला मनापासून संमती जाहीर करण्याची सक्ती केली. बिशपकडून दीक्षा झालेली नसेल, तर ती नव्याने घ्यायची होती. म्हणजे इतकी वर्षे दिलेले बाप्तिस्मे आणि प्रभुभोजन अधिकाराविना दिले, असे स्वतःच्या तोंडाने कबूल करण्यासारखेच ते होते. अनेकांचे पाऊल इथेच अडले.

तारीखही जिव्हारी लागणारी होती. दशांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याची) रक्कम सप्टेंबरअखेर, मायकेलमसच्या सणाला देय होई; महिनाभर आधीच पद गेल्याने वर्षाची मिळकत बुडाली. पाळकाचे घर चर्चचे, त्यामुळे डोक्यावरचे छप्परही गेले. पदच्युत पाळक फिलिप हेन्री यांचा जन्म २४ ऑगस्टचाच. ज्या तारखेला जन्मलो, त्याच तारखेला कायद्याने मेलो, अशा आशयाची नोंद त्यांनी रोजनिशीत केली आहे.

पुढचे कायदे आणखी जाचक होते. १६६४ पासून घरच्या माणसांखेरीज पाच किंवा अधिक जण चर्चबाहेरील उपासनेला जमले, तर तो गुन्हा ठरला. १६६५ च्या कायद्याने, चर्च वा राज्याची व्यवस्था बदलू पाहणार नाही अशी शपथ न घेणाऱ्या पाळकाला आपल्या जुन्या पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीच्या) पाच मैलांच्या आत येण्याची बंदी केली. त्याच वर्षी लंडनमध्ये प्लेग पसरला. अनेक पाळकांनी शहर सोडले, तेव्हा टॉमस व्हिन्सेंटसारखे पदच्युत पाळक मागे राहून लोकांना उपदेश करत होते. डर्बीशायरमधील ईम गावातही साथ पोचली. तिथे नवे पाळक विल्यम मॉम्पेसन यांच्यावर लोकांचा पुरता विश्वास बसलेला नव्हता. १६६६ मध्ये मॉम्पेसन यांनी गावचे आधीचे, पदच्युत पाळक टॉमस स्टॅनली यांना सोबत घेतले, आणि गावाने स्वतःलाच वेशीच्या आत कोंडून घेतले. शेजारच्या गावांचे लोक सीमेवर धान्य ठेवत. त्याचे पैसे दगडातल्या खळग्यांत, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले जात. सुमारे २६० माणसे दगावली, पण साथ आसपासच्या गावांत फारशी पसरली नाही. ज्या माणसाला कायद्याने व्यासपीठावरून उतरवले, त्याच्याच शब्दाखातर गाव थांबले, ही गोष्ट या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

किडरमिन्स्टरचे प्युरिटन पाळक रिचर्ड बॅक्स्टर यांनी हेरफर्डचे बिशपपद नाकारले होते. १६८५ मध्ये, बॅक्स्टर सत्तरीला टेकलेले असताना, न्यायाधीश जेफ्रीज यांनी त्यांना ५०० मार्कांचा (मार्क हे तेव्हाचे हिशेबाचे चलन) दंड केला. तो न भरल्याने त्यांना सुमारे दीड वर्ष तुरुंगात काढावे लागले. १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने या पाळकांना परवाना घेऊन उघडपणे उपदेश करण्याची मुभा मिळाली. बॅक्स्टर त्यानंतर दोन वर्षे जगले.