अलेक्झांड्राइट : सुट्या खड्याची खरेदी (नाशिक)

अलेक्झांड्राइट हा क्रिसोबेरिल या खनिजाचा रंग बदलणारा प्रकार. दिवसाच्या उजेडात खडा हिरवा किंवा निळसर हिरवा दिसतो आणि दिव्याच्या पिवळ्या उजेडात तांबडा, जांभळट तांबडा किंवा किरमिजी. दागिन्यात न बसवलेला सुटा खडा घेण्याची रीत रत्नव्यवहारात जुनी आहे. अलेक्झांड्राइटच्या बाबतीत मात्र ती जवळजवळ सक्तीची मानावी, कारण कोंदणात बसलेल्या खड्याचे वजन करता येत नाही, त्याची घनता काढता येत नाही आणि मागची बाजू बंद असली तर खाली काय लावले आहे तेही दिसत नाही.

नाशिकमध्ये हा रोजच्या मागणीतला खडा नाही. गोदाकाठच्या जुन्या सराफ बाजारात सोने, चांदीची भांडी आणि देवघरातल्या वस्तू यांचा व्यवहार मोठा. रंगीत खड्यांत पुष्कराज, पोवळे, मोती, नीलम हे नेहमीचे. अलेक्झांड्राइट मागितला तर सराफ बहुधा मुंबईहून किंवा जयपूरहून मागवून देतो. अलीकडे गिऱ्हाईकच तो इंटरनेटवर घेते आणि पुडी उघडून सराफाला विचारते, ‘बघा हो, खरा आहे का?’ तोवर पैसे गेलेले असतात. विचारणाऱ्याचा भरवसा एकाच गोष्टीवर असतो, ती म्हणजे रंग बदलतो आहे. पण रंग बदलणे हा अलेक्झांड्राइटचा गुण असला तरी त्याचा पुरावा नाही. बाजारात रंग बदलणारे जे खडे हजारोंनी फिरतात, त्यांतले बहुतेक अलेक्झांड्राइट नसतातच.

रंग का बदलतो

क्रिसोबेरिल म्हणजे बेरिलियम आणि अॅल्युमिनियम यांचे ऑक्साइड. त्यातल्या काही अॅल्युमिनियमची जागा क्रोमियमने घेतली की अलेक्झांड्राइट होतो. पाचूचा हिरवा आणि माणकाचा लाल हे दोन्ही रंग क्रोमियमचेच. कोणत्या स्फटिकात ते बसले आहे यावर कोणता प्रकाश शोषला जाणार हे ठरते. अलेक्झांड्राइटमधला शोषणपट्टा पाचू आणि माणिक यांच्या मधोमध, ५८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळ्या भागात पडतो. परिणामी खड्यातून हिरवा आणि तांबडा असे दोन्ही प्रकाश जवळजवळ सारखेच पार होतात. दिवसाच्या उजेडात निळा-हिरवा भाग भरपूर असतो आणि माणसाचा डोळा हिरव्याला अधिक संवेदनशील असतो, म्हणून खडा हिरवा भासतो. ज्योतीच्या किंवा तारेच्या बल्बच्या उजेडात तांबडा भाग वरचढ ठरतो आणि खडा तांबडा होतो.

हा बदल उजेड बदलल्याने होतो, खडा तिरका केल्याने नव्हे. नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये छापल्या जाणाऱ्या ५०० रुपयांच्या नोटेतला धागा नोट कलती केली की हिरव्याचा निळा होतो. तो कोनाचा खेळ आहे. अलेक्झांड्राइटमध्ये कोनाचाही एक वेगळा परिणाम असतो. स्फटिकाच्या तीन दिशांनी पाहिले तर हिरवा, नारिंगी-पिवळा आणि जांभळट तांबडा अशा तीन छटा दिसू शकतात. पैलू पाडणारा कारागीर कच्चा खडा कोणत्या दिशेने धरतो यावर तयार खड्याचा रंग बराच अवलंबून असतो. त्यामुळे एका उजेडात खडा फिरवून ‘बघा, बदलला’ असे कोणी दाखवू लागले तर तो उजेडाने होणारा बदल दाखवत नाही, हे ध्यानात घ्यावे.

शोध आणि खाणी

हा खडा पहिल्यांदा ओळखला गेला तो रशियात, उरल पर्वतात, येकातेरिनबुर्गजवळ तोकोवाया नदीकाठच्या पाचूच्या खाणींत, १८३० च्या दशकात. नाव पडले युवराज अलेक्झांडरवरून, जो पुढे झार दुसरा अलेक्झांडर झाला. युवराजाच्या वाढदिवशीच खडा सापडला अशी कथा व्यापारी रंगवून सांगतात. तिच्यावर फार विसंबू नये. उरलमधला माल आता बाजारात क्वचित येतो. ब्राझीलमधल्या मिनास जेराइस राज्यातल्या हेमातिता येथे १९८७ मध्ये मोठा साठा लागला आणि उत्तम रंगबदलाचे खडे पुन्हा बाजारात आले. श्रीलंकेच्या रत्नवाळूत मोठे खडे मिळतात, पण त्यांचा हिरवा बरेचदा पिवळट असतो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहातला सुमारे ६५ कॅरेटचा प्रसिद्ध खडा श्रीलंकेचाच. टांझानिया, मादागास्कर आणि झिम्बाब्वे येथेही हा सापडतो. भारतात आंध्र प्रदेशातला विशाखापट्टणमचा परिसर, ओडिशा आणि छत्तीसगडमधला देवभोगजवळचा सेंदमुडा ही ठिकाणे माहितीतली.

नाशिक जिल्ह्याच्या जमिनीत मात्र तो सापडणार नाही. इथला काळा पाषाण बेसाल्टचा. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट गटाची खनिजे, अपोफिलाइट आणि क्वार्ट्झ सुरेख वाढतात. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ती पाहता येतात. अलेक्झांड्राइटसाठी बेरिलियम आणि क्रोमियम एकत्र यावी लागतात आणि निसर्गात ही दोन मूलद्रव्ये सहसा वेगवेगळ्या प्रकारच्या खडकांत असतात. बेरिलियमने समृद्ध रस क्रोमियम असलेल्या खडकात घुसला, आणि तिथे सिलिका फार नसली, तरच हे जमते. सिलिका पुरेशी असेल तर पाचू तयार होतो. ‘इथल्याच डोंगरात सापडला’ असे सांगून कोणी हिरवा खडा पुढे केला तर तो हिरवा अपोफिलाइट असू शकतो, आणि नसला तरी अलेक्झांड्राइट नक्कीच नाही.

नाशिकचे नाव एका रत्नाला लागलेले आहे, ते हिऱ्याला. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानातला ‘नासक’ हिरा १८१८ मध्ये पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांच्या हाती पडला आणि पुढे परदेशात नव्याने घडवला गेला. तोही इथल्या मातीतला नव्हता.

लसण्याचा भाऊबंद

नवरत्नांत अलेक्झांड्राइटला जागा नाही. पाश्चात्त्य पद्धतीत तो जूनचा जन्मखडा आहे, आणि ती यादीही जुनी नाही. अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांनी त्याचा समावेश १९५२ मध्ये केला. तरी मराठी वाचकाला याचे सख्खे भावंड चांगले ठाऊक आहे. केतूसाठी घालतात तो लसण्या, म्हणजे वैदूर्य, हा क्रिसोबेरिलच. त्र्यंबकेश्वरी कालसर्पशांती झाल्यावर राहूसाठी गोमेद आणि केतूसाठी लसण्या घेणारे पुष्कळ असतात. त्यामुळे क्रिसोबेरिल हाताळलेला, त्याची चकाकी आणि वजन ओळखणारा सराफ नाशिकला शोधून सापडतो, आणि पहिली नजर टाकायला तो उपयोगी पडतो. रंगही बदलतो आणि मधून पांढरी रेघही फिरते असा अलेक्झांड्राइट-लसण्या निसर्गात आहे, पण फार दुर्मीळ. तो कोणी सहज काढून दिला तर सावध व्हावे.

अलेक्झांड्राइट म्हणून काय विकले जाते

सर्वांत जास्त खपते ते कृत्रिम कुरुंद, म्हणजे माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे असतात ते, कारखान्यात बनवलेले. व्हेनेडियम घालून ज्योतीत वितळवून केलेला हा खडा शंभर वर्षांहून अधिक काळ जगभर अलेक्झांड्राइटच्या नावाने विकला जात आहे. आजीच्या पेटीतून निघालेला ‘परदेशातून आणलेला’ मोठा, निर्मळ, रंग बदलणारा खडा बहुतेक वेळा हाच असतो. ओळखायची खूण सोपी आहे : तो करडसर निळ्यातून जांभळट गुलाबी होतो, आणि हिरवा कोणत्याच उजेडात दिसत नाही. कृत्रिम स्पिनेल आणि दुर्मीळ मृदा धातू घातलेली काच हे याच पंगतीतले. नैसर्गिक नीलम, गार्नेट आणि डायास्पोर यांच्यातही रंग बदलणारे प्रकार आहेत. ती खरी रत्ने आहेत, पण अलेक्झांड्राइट नाहीत आणि त्यांचा भावही वेगळा.

प्रयोगशाळेत वाढवलेला अलेक्झांड्राइट हे प्रकरण निराळे. रासायनिकदृष्ट्या तो अलेक्झांड्राइटच असतो. दागिन्यांसाठी तो १९७३ पासून अमेरिकेत विकला जाऊ लागला. याच स्फटिकापासून लेसर बनतात. नको असलेले केस काढण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ जो ७५५ नॅनोमीटरचा ‘अॅलेक्स’ लेसर वापरतात, तो हाच. वाढवलेला खडा वाढवलेला म्हणून, त्याच्या भावाने घेण्यात काहीच गैर नाही, आणि ज्याला रंगांची मौजच हवी आहे त्याच्यासाठी तो उत्तम. घोटाळा होतो तो शब्दांत. काही विक्रेते वाढवलेल्या अलेक्झांड्राइटला ‘लॅब अलेक्झांड्राइट’ म्हणतात, तर काही कृत्रिम कुरुंदालाही तेच नाव देतात. दोहोंच्या किमतीत पुष्कळ अंतर आहे.

हे वेगळे करायला आकडे लागतात. अलेक्झांड्राइटचा अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो याचे माप, साधारण १.७४६ ते १.७५५ आणि घनता ३.७३ च्या आसपास. कुरुंदाचा अपवर्तनांक १.७६२ ते १.७७० आणि घनता ४.००. अपवर्तनमापी नसेल तरी चांगला कॅरेटचा काटा असलेला सराफ खडा हवेत आणि पाण्यात तोलून घनता काढू शकतो, आणि कुरुंद तिथेच पकडला जातो. नैसर्गिक आणि वाढवलेला अलेक्झांड्राइट यांचे आकडे मात्र सारखेच येतात. तिथे भिंगाखाली खड्याचे अंतरंग पाहावे लागते. वक्र रेषा, वायूचे बुडबुडे किंवा प्लॅटिनमचे बारीक पत्रे दिसले तर खडा वाढवलेला. नैसर्गिक खड्यात बोटांच्या ठशांसारखी जाळी, सुयांसारख्या रेषा, अभ्रकाचे तुकडे असतात. नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली वाढवलेला खडा बरेचदा भडक लाल पेटतो, तर नैसर्गिक त्यातल्या लोहामुळे मंद राहतो. पण याला अपवाद इतके आहेत की त्यावर सौदा करू नये.

कोणत्या उजेडात पाहावा

खरेदीतली सर्वांत मोठी गफलत इथे होते. दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली खडा हिरवट दिसतो, बाहेर रस्त्यावर आणला तरी हिरवाच. मग मोबाइलचा टॉर्च लावला जातो आणि रंग बदलत नाही म्हणून चांगला खडा नाकारला जातो. मोबाइलचा टॉर्चही पांढरा एलईडीच असतो. त्यात तांबडा भाग कमी पडतो. ट्यूबलाइटचेही तेच. तारेचे पिवळे बल्ब आता सहज मिळत नाहीत, पण मराठी घरात त्याहून चांगले साधन रोज पेटते. समईच्या किंवा निरांजनाच्या ज्योतीत तांबडा भाग भरपूर असतो. देवघरातले इतर दिवे बंद करून ज्योतीजवळ खडा धरला तर त्याचा तांबडा रंग पुरता कळतो, आणि बदल किती खरा आहे तेही.

दिवसाचा रंग पाहायचा तो सावलीतल्या उजेडात, शक्यतो उत्तरेकडच्या खिडकीशी, पांढऱ्या कागदावर ठेवून. सराफ बाजारातल्या अरुंद गल्ल्यांत भर दुपारीही दुकानाच्या आत दिवे लागतात. म्हणून खडा दारापर्यंत आणून पाहू द्यावा अशी विनंती करायला संकोचू नये. मावळतीचे ऊन टाळावे, तेव्हाच्या तांबूस उजेडात दोन्ही रंग मिसळून मळकट तपकिरी दिसतात.

इंटरनेटवरच्या दोन फोटोंवर तर मुळीच जाऊ नये. कॅमेरा स्वतःच उजेडाचा रंग सारखा करत असतो, आणि हिरव्याचा लाल करायला साधे अॅप पुरते. विक्रेत्याकडे एकसलग व्हिडिओ मागावा, ज्यात खडा हातात असतानाच खिडकीकडून ज्योतीकडे नेला जातो आणि शेजारी एखादा पांढरा कागद दिसत राहतो.

वजन, भाव आणि कागद

वजन कॅरेटमध्येच बोलावे. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. राशीच्या खड्यांच्या व्यवहारात अजून रत्ती चालते आणि तिचे माप सगळीकडे एक नसते. सोन्याच्या तोलातली गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची, तर खडेविक्रेत्यांची पक्की रत्ती त्याहून बरीच मोठी. भाव ‘रत्तीचा’ सांगितला तर तो मिलिग्रॅमवर आणून मगच तुलना करावी.

किंमत ठरते ती सर्वांत आधी रंगबदलाने. दोन्ही रंग स्वच्छ असतील तर भाव झपाट्याने चढतो, एक रंग करडा किंवा तपकिरी असेल तर कोसळतो. त्यानंतर येतात निर्मळपणा, वजन आणि मूळ. उत्तम बदलाचा, एक कॅरेटवरचा नैसर्गिक खडा कॅरेटला लाखांच्या घरात जातो. मध्यम बदलाचे छोटे भारतीय खडे त्यामानाने पुष्कळ स्वस्त मिळतात आणि नव्या माणसाने तिथूनच सुरुवात केलेली बरी. पाच कॅरेटचा, आत काहीच दोष नसलेला खडा दोन-तीन हजारांत मिळत असेल तर तो काय आहे हे विचारायचीही गरज नाही. आणखी एक : काही खड्यांचे पोट मुद्दाम जाड ठेवलेले असते. वजन त्या पोटात जाते आणि समोरून खडा लहानच दिसतो.

दागिन्यावरचा हॉलमार्क धातूच्या शुद्धतेचा असतो, त्याचा खड्याशी संबंध नाही. खड्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, जीआयए आणि आयजीआय, तर जयपूरला आयआयजीजे-आरएलसी (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) ही नावे व्यापारात मान्य आहेत. मोठ्या रकमेच्या खरेदीत नाशिकच्या गिऱ्हाइकाने मुंबईची एक फेरी करावी, ती महाग पडत नाही. अहवालात ‘नॅचरल’ हा शब्द आणि ‘अलेक्झांड्राइट’ हे नाव, दोन्ही हवेत. नुसते ‘क्रिसोबेरिल’ लिहिले असेल तर प्रयोगशाळेला पुरेसा रंगबदल दिसलेला नाही. अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा आणि तिथले वजन व मापे हातातल्या खड्याशी जुळवावीत. अहवाल खरा आणि पुडीतला खडा दुसराच, असेही होते. विक्रेत्याने स्वतःच्या दुकानाच्या नावाने छापलेले कार्ड हे प्रमाणपत्र नाही.

बिलावर ‘रंगीत खडा’ असे मोघम न लिहिता ‘नैसर्गिक अलेक्झांड्राइट’, वजन आणि अहवाल क्रमांक लिहून घ्यावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करू शकतो, म्हणून जयपूरहून मागवलेल्या खड्याचा वादही नाशिकला चालवता येतो. जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या मोबदल्याच्या ५० लाख रुपयांपर्यंत आहे. पण तिथे बिलातले शब्दच बोलतात.

खडा दहापर्यंतच्या मोह्स मापावर ८.५ काठिण्याचा असल्याने रोजच्या अंगठीलाही चालतो. कोंदणासाठी कारागिराकडे देताना त्याच्यासमोर तोलून वजन पावतीवर मांडून घ्यावे, भिंगातून दिसणारी एखादी ठळक खूण टिपून ठेवावी आणि कोंदण मागून उघडे ठेवायला सांगावे.