बूटलोडर बदलला आणि कार्ड मंदावलं? हॅकिंटॉशमधली ही भानगड कुठून आली

हॅकिंटॉशवाल्यांची, म्हणजे साध्या पीसीवर मॅकओएस चालवणाऱ्यांची, ही तक्रार नेहमीची. काल क्लोव्हर या बूटलोडरवर (म्हणजे मशीन सुरू होताना सिस्टिम चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅमवर) ग्राफिक्स कार्ड मस्त पळत होतं, आज ओपनकोअर या दुसऱ्या बूटलोडरवर आलो आणि स्कोअर पडला, कार्ड तेच, मॉनिटर तोच, ड्रायव्हरसुद्धा अ‍ॅपलचाच, मग शिव्या कोणाला, तर बूटलोडरला. आता खरं बघितलं तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, चालू झाला की बूटलोडरचं काम जवळजवळ संपतं, गेम खेळताना तो काही मध्ये बसलेला नसतो. पण जाण्याआधी तो सिस्टिमला ज्या थापा मारून जातो ना, की बाई हे मशीन अमुक मॅक आहे आणि हे कार्ड तमुक आहे, सगळी गोम त्यात आहे.

जून 2005 मध्ये अ‍ॅपलने इंटेलच्या प्रोसेसरवर जाणार म्हणून जाहीर केलं, जानेवारी 2006 ला पहिले इंटेल मॅक आले आणि लोक लगेच साध्या पीसीच्या मागे लागले. मॅकमध्ये ईएफआय, आपल्याकडे बायॉस (दोन्ही मशीन सुरू करणारी, बोर्डावरचीच सॉफ्टवेअरं), त्यामुळे कार्डाबद्दल ड्रायव्हरला जे कळायला हवं ते सांगणारं कोणीच नाही. मग नॅटिट, टायटन, एनव्हीइंजेक्ट असले केक्स्ट (मॅकओएसमध्ये जोडायचे ड्रायव्हरसारखे तुकडे) टाकून बघायचे. जमलं की नाही हे कसं कळायचं, तर डॅशबोर्डवर एक विजेट टाकायचं, पाण्यात खडा पडल्यासारखी लाट उठली तर अ‍ॅक्सिलरेशन चालू, नाही उठली तर परत रीस्टार्ट. रात्रीच्या रात्री गेल्यात लोकांच्या त्या लाटेपायी!

पुढे कमेलियन हा बूटलोडर आला, अ‍ॅपलच्याच ओपन सोर्स बूट-132 वरून बनलेला. त्यात ग्राफिक्सएनेबलर = येस एवढं लिहिलं की झालं, तो स्वतःच्या यादीत कार्ड शोधून माहिती घुसवायचा. एएमडीला वर फ्रेमबफरचं (कार्डाचे पोर्ट कसे जोडलेत ते सांगणाऱ्या मांडणीचं) नावही लागायचं, आणि अ‍ॅपलने ती नावं काय ठेवलीत बघा, 5000 सिरीजला माकडं (लंगूर, उकारी), 7000 ला सुशीचे प्रकार, हमाची, फुतोमाकी वगैरे. चुकीचं माकड निवडलं की एखादा पोर्ट काळा, किंवा सगळेच.

मग बायॉसच्या जागी यूईएफआय असलेले बोर्ड आले तसा क्लोव्हर आला, आणि आळशीपणाची सवय लागली ती इथे. इंजेक्ट एटीआय, इंजेक्ट एनव्हिडिया, इंजेक्ट इंटेल, नुसत्या टिका मारायच्या. एसीपीआयमधली, म्हणजे बोर्ड सिस्टिमला हार्डवेअरची जी यादी देतो त्यातली, नावंही पॅचने बदलून मिळायची, एनव्हिडियाने स्वतः दिलेल्या मॅकच्या ‘वेब ड्रायव्हर’लासुद्धा वेगळी टीक. कोणाची तरी कॉन्फिग फाइल उचलायची, चाललं तर हात लावायचा नाही. आत नक्की काय चाललंय हे विचारलं तर अर्ध्या लोकांना सांगता आलं नसतं, मी त्यातलाच.

2019 मध्ये अ‍ॅसिडँथेरा टीमचा ओपनकोअर आला आणि त्याचा स्वभाव एकदम उलटा, सांगितलं नाही ते करणार नाही. ग्राफिक्सचं काम तर बूटलोडरकडून जवळपास काढूनच घेतलं होतं, 2018 मध्ये इंटेल, एनव्हिडिया, एएमडीचे वेगवेगळे केक्स्ट व्हॉटेव्हरग्रीन या एकाच केक्स्टमध्ये एकत्र झाले होते. त्यामुळे जुनी फाइल बघून घाईत नवीन बनवली की काहीतरी राहतंच. हाय सिएरा या मॅकओएसवर एनव्हिडियाचं पास्कल कार्ड असेल आणि ती वेब ड्रायव्हरची टीक एनव्हीरॅममध्ये (बोर्डावरच्या, मशीन बंद केलं तरी टिकणाऱ्या मेमरीत) हाताने लिहिली नाही तर ड्रायव्हर लोडच होत नाही, खिडकी ओढली की मागे पुसट रेघा सोडत येते. इंटेलच्या इनबिल्ट ग्राफिक्सचा प्लॅटफॉर्म आयडी लिहायचा राहिला तर ‘अबाऊट धिस मॅक’ मध्ये मेमरी दिसते 7 एमबी, तो आकडा बघून पोटात गोळा आला नाही असा माणूस या धंद्यात नसेल.

पण मला विचाराल तर सगळ्यात फसवं प्रकरण एसएमबायॉसचं, म्हणजे कुठलं मॅक मॉडेल सांगायचं ते. अ‍ॅपल ग्राफिक्सची पॉवर मॅनेजमेंट बोर्ड आयडी (मॅक मॉडेलची ओळख) आणि कार्डाची जीएफएक्स0 सारखी नावं बघून लावतं. लोक बूटलोडर बदलताना हमखास मॉडेलही बदलतात, आयमॅकवरून आयमॅक प्रो 1,1 वर जातात. आयमॅक असताना व्हिडिओचं एन्कोडिंग इंटेलचं इनबिल्ट ग्राफिक्सही करत होतं, आयमॅक प्रोमध्ये ते नसतंच, सगळा भार एएमडीच्या रेडिऑन कार्डावर. मग एक्स्पोर्टचा वेळ बदलला तर बूटलोडरचा काय दोष? एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्यात ना तुम्ही. एकदा मॉडेल तेच ठेवून, व्हॉटेव्हरग्रीनचं व्हर्जन तेच ठेवून दोन्हीवर बूट करून बघा.

आणि गंमत अशी, की 2020 मध्ये बिग सर या मॅकओएसच्या वेळी केक्स्ट घुसवायचं काम क्लोव्हरला जड जायला लागलं तेव्हा त्यांनी ओपनकोअरचाच कोड आत घेतला, म्हणजे त्यानंतरच्या क्लोव्हरशी तुलना करताना तुम्ही अर्धंमुर्धं ओपनकोअरलाच ओपनकोअरशी भिडवताय.