छेद कधी उडवायचा आणि कधी नाही? ‘सरळरूप द्या’ आणि ‘समीकरण सोडवा’ यातला फरक

परवा सोलापुरात ताईकडे गेलो होतो, तिची मुलगी आठवीत आहे, ती वही घेऊन आली आणि म्हणाली मामा हे बघ की, काल छेद उडवले तर बरोबर होतं आणि आज तसंच केलं तर सरांनी फुली मारली. वही बघितली आणि लगेच कळलं, ही चूक कितीतरी मुलं करतात आणि त्यात त्यांचा दोष फार नसतो, कारण दोन्ही गणितं दिसायला जुळी असतात. (पुस्तकात इंग्रजी एक्स असतो, मी इथे क्ष लिहितोय.)

सरळरूप द्या: (क्ष + १)/२ − (क्ष − २)/३

सोडवा: (क्ष + १)/२ − (क्ष − २)/३ = २

फरक फक्त शेवटच्या ‘= २’ चा, पण सगळा खेळ तिथेच आहे.

मी तिला म्हटलं, समज तू नव्या पेठेत शेंगा चटणी घ्यायला गेलीस आणि पाऊण किलो मागितलीस. दुकानदार म्हणाला हा अपूर्णांक कशाला, चारने गुणतो, आणि तीन किलो बांधून दिली तर घेशील का? नाही ना. पहिलं गणित असं आहे, तिथे एकच पुडी आहे, ती तेवढीच राहिली पाहिजे, फक्त नीट बांधून द्यायची.

आता तीच पाऊण किलो तराजूच्या एका पारड्यात ठेव, दुसऱ्यात ५००, २०० आणि ५० ग्रॅमची मापं ठेव, काटा मधोमध. दोन्हीकडचं चौपट केलं तर इकडे तीन किलो चटणी, तिकडे तीन किलोची मापं आणि काटा हलत नाही. समीकरण म्हणजे हा तराजू. छेद उडवायची मुभा त्या बरोबरच्या चिन्हामुळे मिळते, दुसरं पारडंच नसेल तर ती मिळणार कुठून?

(हे चिन्ह १५५७ साली वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्डने छापलं, दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी नाहीत असं कारण देऊन. मला हे कारण फार आवडतं.)

आता करून बघू. सरळरूपात २ आणि ३ चा लसावि ६ घ्यायचा, पण तो खाली छेदात राहतो:

[३(क्ष + १) − २(क्ष − २)]/६ = (३क्ष + ३ − २क्ष + ४)/६ = (क्ष + ७)/६

संपलं, हेच उत्तर. भाचीने ६ उडवून नुसतं क्ष + ७ लिहिलं होतं म्हणून फुली. क्ष = १ ठेवून बघा, मूळ राशी येते १ + १/३ म्हणजे ४/३, आपलं उत्तर ८/६ म्हणजे तेच, आणि क्ष + ७ घेतलं तर ८, बरोबर सहापट, म्हणजे चटणीवाल्यासारखंच झालं. काही मुलं तर (क्ष + ७)/६ पर्यंत नीट येतात आणि मग स्वतःच ‘= ०’ जोडून क्ष = −७ काढतात. विचारलंच नाही तर काढायचं कशाला?

समीकरणात दोन्ही बाजूंना ६ ने गुणायचं:

३(क्ष + १) − २(क्ष − २) = १२
क्ष + ७ = १२
क्ष = ५

ताळा: ६/२ − ३/३ = ३ − १ = २, जमलं. इथली नेहमीची चूक म्हणजे डावीकडे ६ ने गुणायचं आणि उजवीकडचा २ तसाच ठेवायचा, कारण त्याला छेद दिसत नाही. मग क्ष = −५ येतं आणि ताळा करायला गेलं की डावी बाजू −२ + ७/३ म्हणजे १/३ भरते, जी २ चा नेमका सहावा भाग आहे, म्हणजे एकच पारडं सहापट केलं हे ताळाच सांगतो. म्हणून ताळा सोडू नका, मार्क नसले तरी.

कंसाची भानगड मात्र दोन्हीकडे सारखीच. अपूर्णांकाची आडवी रेघ हा लपलेला कंसच असतो, वर क्ष − २ लिहिलं की ते अख्खं एक आहे, त्यामुळे −२(क्ष − २) सोडवताना −२क्ष + ४ येतं, −४ नाही. रेघ गेली की लगेच कंस घाला, तोंडी करू नका. हे एवढं चुकलं तर समीकरणात क्ष = १३ येतं आणि मुलं बिचारी पुढचं सगळं बरोबर करून शून्य मार्क घेतात.

गणित कुठल्या जातीचं हे ओळखायचं तर प्रश्न बघा, बरोबरचं चिन्ह छापूनच आलंय की तुम्ही स्वतः पायऱ्या लिहिताना घालताय? छापून आलं असेल तर तराजू, तुम्ही घातलं असेल तर एकच पुडी.

भाचीला जाताना हे देऊन आलो, तुम्ही पण करून बघा: (क्ष − १)/४ + (क्ष + ३)/६, आधी नुसतं सरळरूप, मग त्यालाच ‘= ४’ जोडून. पहिल्याचं (५क्ष + ३)/१२ आणि दुसऱ्याचं क्ष = ९ यायला पाहिजे.