चातक परत कधी जातो?

मिरगाच्या तोंडावर धुऱ्यावरच्या बाभळीत चातक ओरडला की गावभर कळतं. काळा-पांढरा, डोक्यावर टोकदार तुरा. ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा वेगळा. त्याला तुरा नसतो. चातक आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यासोबत येतो. पण जातो कधी? सोयाबीन सवंगताना कोणालाही विचारा, सांगता येत नाही. गप्प होऊन गेलेला पक्षी कोणाच्या ध्यानात राहणार?

याचा एक धागा मालदीवमध्ये सापडतो. दक्षिण भारतापासून ५०० ते १००० किलोमीटरवर विखुरलेली ही प्रवाळबेटं. तिथं राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी १९९६पासून चतुर या उडणाऱ्या किड्यांची नोंद ठेवली. दर ऑक्टोबरला माले शहरात चतुरांचे थवे उतरतात. बेटांवर गोडं पाणी साचत नाही म्हटलं तरी चालेल, आणि चतुराची पिल्लं गोड्या पाण्याशिवाय वाढत नाहीत. म्हणजे हे पाहुणे तिथले नव्हेतच, वाटेत टेकलेले. तारखा मांडल्या तेव्हा वाट दिसली: दक्षिण भारत, माले, दक्षिणेकडची बेटं, सेशेल्स, पुढे आफ्रिका. खाली वारा समोरून वाहत असतो, पण हजार मीटरच्या वर तो ईशान्येकडून येतो आणि त्यांना वाहून नेतो. २००९मध्ये अँडरसन यांनी हे मांडलं. चातक आणि अमूर ससाणेही याच दिवसांत याच दिशेनं समुद्र ओलांडतात. वाटेत त्यांना हे चतुर खायला मिळत असावेत, असा त्यांचा अंदाज.

हा चतुर आपल्या ओळखीचा आहे. धानाच्या बांधीत, गाडीच्या चाकोरीतल्या डबक्यातसुद्धा तो दीड-दोन महिन्यांत अंड्यापासून पंखांपर्यंत पोचतो. डबकं आटायच्या आत उडायचं, एवढी घाई. संध्याकाळी कापलेल्या वावरावर उन्हात पिवळे दिसणारे थवे तरंगतात, ते बहुतेक हेच.

बेटांवरची ती वही वाचल्यापासून मी आमच्या धुऱ्याची नोंद रोज करतो. चातक दिसला नाही, तर ‘नाही’ असंही लिहितो. त्या ‘नाही’शिवाय जाण्याची तारीख कळायचीच नाही. चातक सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, तीही त्यांच्यासारखीच निळी. परवा बाभळीखाली मळकट पोटाचं एक पिल्लू चोच वासून बसलेलं होतं आणि सातभाई त्याला अळी भरवत होता. आईबापाची ओळख नसलेलं हे पोर एकटंच समुद्र ओलांडणार. आजच्या तारखेपुढे मी ‘आहे’ लिहिलं.