जंबुपार किरणांमुळे डीएनएला होणारी इजा व तिची दुरुस्ती

सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण पेशीतील डीएनएमध्ये शोषले गेल्यामुळे त्या रेणूच्या रचनेत जे रासायनिक बिघाड होतात ते, आणि ते बिघाड हुडकून मूळ रचना पूर्ववत करणाऱ्या पेशीतील यंत्रणा, हे या नोंदीचे विषय आहेत. वर्णपटाच्या जांभळ्या टोकापलीकडचे म्हणून हे किरण ‘जंबुपार’. सातारा जिल्ह्यातील वाई येथून संपादित झालेल्या मराठी विश्वकोशात हीच संज्ञा योजलेली आहे. पाठ्यपुस्तकांत व वर्तमानपत्रांत ‘अतिनील’ हा शब्द अधिक आढळतो. दोन्हींचा अर्थ एकच.

या किरणांचा शोध योहान व्हिल्हेल्म रिटर यांनी १८०१ मध्ये लावला. सिल्व्हर क्लोराइड प्रकाशात काळे पडते हे तेव्हा ठाऊक होते. वर्णपटाच्या जांभळ्या पट्ट्यापलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे ते अधिकच लवकर काळे पडते असे रिटर यांना आढळले. तरंगलांबीनुसार या किरणांचे यूव्ही-ए (३१५ ते ४०० नॅनोमीटर), यूव्ही-बी (२८० ते ३१५) आणि यूव्ही-सी (१०० ते २८०) असे तीन गट पाडतात. डीएनए २६० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण सर्वाधिक शोषून घेतो, म्हणजे त्याला सर्वांत घातक ठरतात ते यूव्ही-सी किरण. सुदैवाने ते वातावरणातील ओझोन व ऑक्सिजन यांत पूर्णपणे अडतात. यूव्ही-बीचाही बराच मोठा भाग ओझोनमुळे वरच्यावर थांबतो. जमिनीवर पोचणाऱ्या जंबुपार किरणांत सुमारे ९५ टक्के यूव्ही-ए असते, आणि डीएनएला होणारी थेट इजा मात्र मुख्यत्वे उरलेल्या पाचेक टक्के यूव्ही-बीमुळे होते.

सातारा आणि सांगली ही शहरे साधारण १७ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असल्याने येथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पहिल्या खेपेस मेच्या पहिल्या पंधरवड्यात, आकाश निरभ्र असताना, लोक मुद्दाम काठी रोवून शून्य सावली पाहतात. दुसरा दिवस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि बहुधा ढगांत हरवतो. सूर्य माथ्यावर असताना किरणांना ओझोनच्या थरातून सर्वांत कमी अंतर कापावे लागते, त्यामुळे तेव्हा यूव्ही-बीचे प्रमाण सर्वाधिक असते. उंचीचाही परिणाम होतो: दर हजार मीटर चढाला जंबुपार किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, तर महाबळेश्वर १,३५० मीटरहून अधिक उंचीवर आहे. गारवा आहे म्हणून महाबळेश्वरचे ऊन सौम्य, असा जो समज असतो तो या बाबतीत चुकीचा आहे. मराठीत ‘ऊन लागले’ म्हणताना उष्णता आणि किरण यांत भेद केला जात नाही. परंतु उष्णता अवरक्त व दृश्य प्रकाशाची, आणि डीएनएची इजा जंबुपार किरणांची, त्यामुळे चटका न जाणवताही इजा होऊ शकते.

इजेचे स्वरूप : डीएनएच्या शिडीत अ‍ॅडेनीनसमोर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीन अशा जोड्या असतात. थायमीन व सायटोसीन हे दोन घटक पिरिमिडीन वर्गातले. एकाच धाग्यावर दोन पिरिमिडिने शेजारीशेजारी असतील आणि त्यांपैकी एकात यूव्ही-बीचा फोटॉन (प्रकाशाचा कण) शोषला गेला, तर त्यांच्यात आडवे रासायनिक बंध तयार होऊ शकतात, आणि समोरच्या धाग्याकडे तोंड करून असणारे हे दोन घटक एकमेकांना चिकटून बसतात. या जोडगोळीचे दोन मुख्य प्रकार आहेत. चार कार्बन अणूंचे कडे असणाऱ्या पहिल्या प्रकाराला सायक्लोब्युटेन पिरिमिडीन डायमर म्हणतात, आणि एका घटकाचा सहावा कार्बन दुसऱ्याच्या चौथ्या कार्बनला जोडला जाऊन होतो तो ‘सहा-चार’ प्रकार. पहिला प्रकार दुसऱ्याच्या साधारण तिप्पट प्रमाणात होतो. दोन थायमिनांमधील हा बंध एका सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही हजाराव्या हिश्श्यात, म्हणजे पिकोसेकंदाच्या आसपास, बनतो. शोषलेल्या फोटॉनांपैकी बहुतेकांची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने विनाअपाय निघून जाते. बंध घडतो तो मोजक्यांमुळे. पण भर दुपारच्या उन्हात त्वचेवर आदळणाऱ्या फोटॉनांची संख्या इतकी अफाट असते की, ते मोजकेही पुरेसे होतात.

यूव्ही-एची तऱ्हा वेगळी आहे. डीएनए ते फारसे शोषत नाही, पण पेशीतील इतर रेणू शोषतात आणि त्यांतून अतिक्रियाशील ऑक्सिजन तयार होऊन ग्वानिनाचे ऑक्सिडीकरण होते. हे किरण त्वचेत अधिक खोल जातात आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही पार होतात. यूव्ही-बी काचेत अडते. एसटीच्या खिडकीशी बसणाऱ्याला काच लावून उन्हापासून निम्मेच संरक्षण मिळते, ते यामुळे.

डायमर असलेल्या ठिकाणी डीएनएचा धागा किंचित वाकतो. डीएनए वाचून आरएनए बनवणारे विकर (एंझाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) तिथे अडते, आणि डीएनएची प्रत काढणारे विकरही अडते. प्रत काढणे पूर्णच थांबले तर पेशी मरते, म्हणून पेशीकडे अशा अडथळ्यावरून पुढे जाणारी खास विकरे असतात. त्यांतले पॉलिमरेज-ईटा हे दोन थायमिनांच्या डायमरसमोर दोन अ‍ॅडेनीन ठेवते, आणि योगायोगाने ते उत्तर बरोबरच असते. सायटोसीन असेल तेथे मात्र घोटाळा होतो: डायमरमध्ये अडकलेल्या सायटोसिनाचे यूरॅसिलात रूपांतर लवकर होते, त्याच्यासमोर अ‍ॅडेनीन बसते आणि पुढच्या प्रतीत सायटोसिनाची जागा थायमीन घेते. लागोपाठच्या दोन सायटोसिनांच्या जागी दोन थायमिने आढळली, तर ती जंबुपार किरणांची जवळजवळ सहीच मानली जाते. त्वचेच्या कर्करोगांतील पी-५३ या, इजा झालेल्या पेशीला आवर घालणाऱ्या जनुकात ही सही १९९१ मध्ये आढळली आणि ऊन व कर्करोग यांचा संबंध जनुकाच्या पातळीवर दाखवता आला. आपल्याकडचा ‘रापणे’ हा शब्दही येथे लक्षात घ्यावा. इजा झाल्याचे समजताच त्वचेतील पेशी पी-५३ मार्फत संदेश देतात, त्यातून मेलॅनीन हे त्वचेचे गडद रंगद्रव्य वाढते आणि ते पेशीकेंद्रावर छत्रीसारखे जमते. रापलेला चेहरा हा उन्हात कष्ट केल्याचे लक्षण मानतात. पेशीच्या दृष्टीने तो आधीच झालेल्या इजेचा पुरावा असतो. शिवाय मेलॅनीन बनवणाऱ्या पेशींत ऊन संपल्यानंतरही तीनेक तास नवे डायमर बनत राहतात असे २०१५ मध्ये दिसून आले, आणि त्यामागे खुद्द मेलॅनीनच होते. गडद त्वचेचे संरक्षण खरे आहे, पण ते पूर्ण नाही.

उजेडाने होणारी दुरुस्ती : १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे अल्बर्ट केल्नर हे जंबुपार किरणांनी मारलेल्या सूक्ष्मजीवांपैकी किती जगतात याची मोजणी करीत होते. आकडे दरवेळी वेगळे येत. तापमानावर त्यांचा संशय होता. अखेर असे दिसून आले की, खिडकीच्या उजेडात ठेवलेल्या नमुन्यांत कितीतरी अधिक बीजाणू पुन्हा जगतात. त्याच सुमारास रेनातो दुल्बेको यांना जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंत हाच प्रकार आढळला: प्रयोगशाळेत दिव्याखाली एकावर एक ठेवलेल्या बशांपैकी वरच्या बशांत विषाणू अधिक जगले होते. दोघांचेही निष्कर्ष १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. यामागे फोटोलायेज हे विकर आहे. ते अंधारातही डायमरला जाऊन चिकटते, पण निळ्या किंवा यूव्ही-ए उजेडाचा फोटॉन मिळाल्यावरच त्यातील फ्लॅव्हिन या प्रकाश शोषणाऱ्या घटकाचा एक इलेक्ट्रॉन डायमरला देऊन बंध तोडते. काहीही कापावे लागत नाही, काहीही नव्याने भरावे लागत नाही. जिवाणू, बेडूक, मासे, कांगारू आणि सर्व हिरव्या वनस्पती यांच्यात हे विकर असते. कास पठारावरील जांभ्याच्या कातळावर, सावलीचा मागमूस नसताना फुलणाऱ्या तेरड्याला दिवसभर उन्हात उभे राहणे परवडते, त्यामागे फुलांतील व पानांतील किरणरोधक रंगद्रव्यांबरोबर या विकराचाही वाटा असतो.

घरगुती वापरात या गोष्टीचे एक टोक पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात, लोक ज्याला नुसते ‘फिल्टर’ म्हणतात त्यात, दिसते. त्यातील पाऱ्याच्या बाष्पाचा दिवा २५४ नॅनोमीटरचे किरण देतो, म्हणजे डीएनए सर्वाधिक शोषतो त्याच्या अगदी जवळचे. जिवाणू शिजत नाहीत की करपत नाहीत. त्यांच्या डीएनएत इतके डायमर होतात की त्यांना विभाजन करता येत नाही. यातून दोन मर्यादा उद्भवतात. पावसाळ्यात सांगलीला कृष्णेचे पाणी लाल-गढूळ होते, आणि मातीच्या कणांच्या आडोशाला जिवाणू सुरक्षित राहतात, म्हणून पाणी आधी निवळलेले असणे ही या दिव्याची पूर्वअट आहे. दुसरे म्हणजे, किरणांची मात्रा अपुरी पडली आणि ते पाणी उघड्या भांड्यात उजेडात राहिले, तर काही जिवाणू फोटोलायेजच्या साह्याने पुन्हा सक्रिय होऊ शकतात. झाकण ठेवलेला माठ हा यावरचा साधा उपाय.

छेदून केलेली दुरुस्ती : अपरायुक्त सस्तन प्राण्यांच्या, म्हणजे गाई-म्हशींपासून माणसापर्यंतच्या, पूर्वजांनी उत्क्रांतीत फोटोलायेज गमावले. त्यांची सगळी भिस्त दुसऱ्या, खर्चिक पद्धतीवर आहे. तीत इजा झालेला धागा दोन्ही बाजूंनी कापून तो तुकडा काढून टाकतात आणि समोरच्या निर्दोष धाग्यावरून तेवढाच भाग नव्याने विणतात; रफूगार करतो तसेच हे काम आहे. १९६४ मध्ये सेटलो व कॅरिअर आणि बॉइस व हॉवर्ड-फ्लँडर्स यांनी जिवाणूंत डायमर धाग्यातून बाहेर काढले जातात हे दाखवले. तुर्कस्तानातील सावुर गावात जन्मलेले व सुरुवातीस डॉक्टर असलेले अझीझ संजर यांनी जिवाणूंतील हे यंत्र परीक्षानळीत जुळवून १९८३ मध्ये दाखवले की, इजेच्या दोन्ही बाजूंना काप बसून बारा-तेरा घटकांचा तुकडा बाहेर पडतो. फोटोलायेजवरही त्यांचेच मोठे काम आहे. २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना टोमास लिंडाल व पॉल मॉड्रिच यांच्यासमवेत मिळाले.

माणसात हा तुकडा तीसेक घटकांचा असतो. एक्सपीसी हे प्रथिन धाग्यातला वाक ओळखते, टीएफआयआयएच हा प्रथिनसंच दोन धागे अलग करतो, एक्सपीएफ व एक्सपीजी ही विकरे कात्रीचे काम करतात. ज्या जनुकाचे वाचन चालू आहे तिथे आरएनए बनवणारे विकर अडले, की तीच धोक्याची सूचना ठरते आणि तिथली दुरुस्ती आधी होते. सहा-चार प्रकारचे बिघाड काही तासांत निघून जातात. सायक्लोब्युटेन डायमर धाग्याला थोडेच वाकवतात, म्हणून ते सहज सापडत नाहीत. ते निम्म्यावर यायला माणसाच्या पेशीत एक दिवस किंवा त्याहून अधिक लागतो. खरा प्रश्न या वेळेचा आहे. प्रत निघण्याआधी दुरुस्ती झाली तर काहीच मागे राहत नाही. प्रत आधी निघाली तर चूक कायमची होते. इजा फार असेल तर पी-५३ पेशीला आत्मनाशाकडे नेते, आणि उन्हाने भाजलेल्या कातडीचे पापुद्रे निघतात त्यात अशा पेशी असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीच्या काढणीला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोके-तोंड कापडाने गुंडाळतात. यात पाचट व धूळ टाळण्याचा हेतू असतो, पण किरणांपासूनही ते चांगलेच संरक्षण आहे. विरळ विणीचे पांढरे सुती कापड घामाने भिजले की त्यातून किरण अधिक आत येतात, एवढे ध्यानात ठेवावे.

दुरुस्तीतील जन्मजात दोष : ही यंत्रणा नसेल तर काय होते, हे झेरोडर्मा पिग्मेंटोसम या आनुवंशिक विकारावरून कळते. मॉरिट्झ कापोशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे वर्णन केले होते. त्यातील पेशींना छेदन-दुरुस्ती करता येत नाही हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवले. एक्सपीए ते एक्सपीजी अशा सात जनुकांपैकी कोणत्याही एकात, किंवा पॉलिमरेज-ईटाच्या जनुकात, दोष असू शकतो. विसाव्या वर्षाच्या आत त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका या रुग्णांत इतरांच्या सुमारे दहा हजार पट असतो. विकार अप्रभावी आहे, म्हणजे आई व वडील दोघांकडून सदोष जनुक यावे लागते. दक्षिण महाराष्ट्रात, सांगली-साताऱ्याकडच्या अनेक समाजांत, आते-मामे भावंडांचा विवाह रीतीला धरून मानला जातो, आणि अशा नात्यात एकच सदोष जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. असा विकार कुटुंबात आढळला असेल तर विवाहापूर्वी जनुकीय सल्ला घेणे इष्ट ठरते. यावर मूळ उपचार नाही. कपडे, किरण अडवणारी खिडकीची फिल्म, चष्मा आणि त्वचेची वारंवार तपासणी हाच मार्ग. या मुलांपैकी जवळपास निम्मी उन्हात चटकन भाजत नाहीत, त्यामुळे पालकांच्या लक्षात काही येत नाही; दोन वर्षांच्या आतच चेहऱ्यावर व हातांवर उठलेले तपकिरी ठिपके हेच तेव्हा पहिले लक्षण असते.