काळी साल म्हणजे पिकलेलं केळं नव्हे

चॉकलेट बनाना लोफ, म्हणजे लांबट भांड्यात भाजलेला केळ्याचा केक, करायचा बेत आहे आणि केळी अजून पुरती पिकलेली नाहीत, तर काय करायचं? या प्रश्नाचं एक उत्तर इंटरनेटवर सतत फिरत असतं. केळी सालीसकट ओव्हनमध्ये ठेवा, दीडशे अंश सेल्सिअसला पंधरा-वीस मिनिटं तापवा, साल काळी झाली की केळी ‘पिकली’. व्हिडिओत ते पटतंही. साल काळीकुट्ट, आतला गर मऊ लगदा. मग हाच लगदा मैद्यात घातला की लोफ फिका आणि जरा चिकट का होतो?

कारण साल काळी पडणं आणि गर गोड होणं या दोन वेगळ्या रासायनिक क्रिया आहेत. दोन्हींची विकरं, म्हणजे एन्झाइम, वेगळी आणि त्यांना लागणारा वेळही वेगळा. एरवी केळं टोपलीत आपसूक पिकतं तेव्हा दोन्ही क्रिया बरोबरीने चालतात, म्हणून आपण एकीवरून दुसरीचा अंदाज बांधतो. ओव्हन पहिली क्रिया उरकून टाकतो आणि दुसरीला जवळजवळ हातच लावत नाही.

आधी काळेपणाचं बघू, ते लवकर संपतं. केळ्याच्या सालीत फिनॉल गटातली संयुगं असतात, त्यांत डोपामिनही असतं. त्याच पेशींत वेगळ्या कप्प्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. पेशी धड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. पेशी फुटली की विकर, फिनॉल आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात आणि काळसर रंगद्रव्यं तयार होतात. कापलेलं सफरचंद तपकिरी होतं ते याच कारणाने. पेशी कशाने फुटली याला इथे महत्त्व नाही. केळं वयाने पिकलं तरी फुटते, आपटलं तरी फुटते, उष्णतेने फुटते आणि थंडीनेही फुटते. केळं मूळचं उष्ण प्रदेशातलं, साधारण १३ अंशांखालची थंडी त्याच्या सालीला सोसत नाही. म्हणूनच हिरवी केळी दूरवर पाठवताना १३ ते १४ अंशांवर ठेवतात. फ्रिजमध्ये ठेवलेल्या केळ्याची साल काळी होते, पण आतलं पिकणं उलट मंदावलेलं असतं. म्हणजे काळ्या सालीमागे तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्यातली एकच आपल्या लोफच्या कामाची.

आता गराकडे वळू. या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण स्वयंपाकघरात इतकं सुंदर जीवरसायन इतक्या सहज बघायला मिळणं दुर्मीळ आहे.

हिरव्या केळ्याच्या गरात वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के स्टार्च असतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. या माळा सूक्ष्म कणांमध्ये इतक्या घट्ट रचलेल्या असतात की जिभेला त्यातलं एकही ग्लुकोज कळत नाही. पूर्ण पिकलेल्या केळ्यात हा स्टार्च एक-दोन टक्क्यांवर येतो आणि बाकीच्याची साखर झालेली असते. हा बदल सुरू करणारा इशारा म्हणजे इथिलीन हा वायू. त्याचा रेणू अगदी साधा, दोन कार्बन आणि चार हायड्रोजन. केळं तो स्वतःच तयार करतं आणि थोडं इथिलीन तयार झालं की ते आणखी इथिलीन तयार करायला लावतं, म्हणून पिकणं एकदा सुरू झालं की वेग घेतं.

इशारा मिळाल्यावर गरातल्या पेशी स्टार्च तोडणारी विकरं वाढवतात. अमायलेज गटातली विकरं माळा तोडतात, फॉस्फोरिलेज टोकाचा एकेक ग्लुकोज फॉस्फेटला जोडून सुटा करतं. हा ग्लुकोज लगेच तसाच साठत नाही. पेशी त्यातल्या काहींचं फ्रुक्टोज करतात, मग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी जुळवून सुक्रोज बनवतात, म्हणजे आपल्या डब्यातली साखरच. त्यानंतर इन्व्हर्टेज नावाचं तिसरं विकर येतं आणि त्याच सुक्रोजचे पुन्हा दोन तुकडे करतं. त्यामुळे नुकत्या पिकलेल्या केळ्यात सुक्रोजचं प्रमाण जास्त असतं, आणि डाग पडलेल्या, अतिपिकलेल्या केळ्यात सुटं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वाढत जातं. दोघांची एकूण गोडी आसपास वाटेल, पण ओव्हनमध्ये त्यांचं वागणं फार वेगळं आहे. ते पुढे येईलच.

हे सगळं व्हायला काही दिवस लागतात. कच्च्या स्टार्चचे कण घट्ट असल्यामुळे विकरांना ते बाहेरून थोडे थोडे पोखरावे लागतात. मग उष्णता देऊन घाई का करता येत नाही? खरं तर कल्पना वाईट नाही. केळ्यातला स्टार्च पाण्यासह सत्तरीच्या पुढे तापला की कण फुगतात, माळा उलगडतात आणि विकरांना त्या तोडणं फार सोपं होतं. अडचण एवढीच की विकरं प्रथिनांची बनलेली असतात आणि साधारण त्याच तापमानाला त्यांची घडी विस्कटते. दार उघडतं त्याच सुमाराला काम करणारा निकामी होतो. रताळ्यात नेमकं उलट घडतं. त्यातलं बीटा-अमायलेज जास्त उष्णता सोसतं, स्टार्च उलगडल्यावरही ते काही काळ काम करत राहतं, म्हणून मंद आचेवर भाजलेलं रताळं कच्च्यापेक्षा कितीतरी गोड लागतं. केळ्याचं तसं नाही. ओव्हनमध्ये पेशींच्या भिंती सैल होतात, गर मऊ होतो, वासही सुटतो, पण स्टार्च बहुतांशी स्टार्चच राहतो.

केळी आधीच पूर्ण पिवळी असतील तर बराचसा स्टार्च तोवर तुटलेला असतो. अशा वेळी ओव्हनची युक्ती केळी कुस्करायला सोपी करते, एवढं श्रेय तिला द्यायला हवं. देठाकडे हिरवट असलेल्या केळ्यांना मात्र एकच उपाय: कागदी पिशवीत एखाद्या पिकलेल्या सफरचंदाबरोबर बंद करून एक ते तीन दिवस बाहेरच ठेवणं. सफरचंदही इथिलीन सोडतं, पिशवी ते कोंडून ठेवते आणि कागदातून ओलावा बाहेर जातो.

काळ्या डागांचा विषय निघालाच आहे तर आणखी एका दाव्याबद्दल बोलायला हवं. डाग पडलेल्या केळ्यात ‘टीएनएफ’ नावाचं द्रव्य असतं आणि ते कर्करोगाशी लढतं, असा मजकूर वर्षानुवर्षं पुढे ढकलला जातो. टीएनएफ हे आपल्या रोगप्रतिकार यंत्रणेच्या पेशी तयार करतात असं प्रथिन आहे, ते केळ्यात नसतं. समजा असतं, तरी खाल्लेलं प्रथिन जठरात आणि आतड्यात पचून जातं. डाग म्हणजे वर सांगितलेली फिनॉलची क्रिया, बाकी काही नाही. आजारी माणसाच्या आशेवर असे मजकूर पोसले जातात, म्हणून ते पुढे पाठवू नयेत. तसंच, ‘फळाची साखर’ म्हणून हा लोफ पथ्याचा ठरत नाही. ग्लुकोज केळ्यातून आला काय किंवा डब्यातून आला काय, रेणू तोच. हा लोफ चवीसाठी करावा आणि चवीने खावा.

आता प्रत्यक्ष लोफ. ९ बाय ५ इंचांच्या भांड्यासाठी साधारण असं प्रमाण जमतं: अतिपिकलेल्या केळ्यांचा गर ३५० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, कोको पावडर ५० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, तेल १०० मिलिलिटर, दोन अंडी, दही ६० ग्रॅम, खाण्याचा सोडा ४ ग्रॅम, अर्धा चमचा मीठ आणि गडद चॉकलेटचे तुकडे १२० ग्रॅम. केळ्याच्या गरात तीन चतुर्थांश पाणी असतं, म्हणजे या गरातूनच सुमारे २६० ग्रॅम पाणी येतं. ‘केळी उरलीत तर घाला एक जास्त’ असं केल्यावर लोफच्या तळाशी जो ओला, दडपलेला पट्टा दिसतो तो या पाण्याचा.

४ ग्रॅम सोड्याला पुरेसं आम्ल मिळालं तर खोलीच्या तापमानाला मोजता एक लिटरहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो. केळं, दही आणि साधा कोको ही इथली आम्लं. आम्ल कमी पडलं तर उरलेला सोडा उष्णतेने फुटतो, पण त्यातून निम्माच वायू मिळतो आणि मागे सोडियम कार्बोनेट राहतं. साबणासारखी चव येते ती त्याची. डच पद्धतीच्या गडद कोकोतलं आम्ल अल्कलीने, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या द्रव्याने, आधीच मारलेलं असतं, तो सोड्याला काहीच देत नाही. तो वापरायचा तर दही वगळू नये. आणि सोडा नवे बुडबुडे तयार करत नाही. साखर, तेल आणि अंडी फेटताना जे सूक्ष्म बुडबुडे मिश्रणात अडकतात, तेच वायू आणि वाफ भरून मोठे होतात. म्हणून फेटायचं ते मैदा घालण्याआधी. मैदा पडला की कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवायचं, नाहीतर ग्लुटेनचं, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचं, जाळं घट्ट होऊन लोफ चिवट होतो.

ओव्हन १७५ अंशांवर असला तरी लोफच्या आत पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या खालीच राहतं. भाजून होतो तेव्हा मध्यभागी साधारण ९३ ते ९६ अंश असतात. कवच मात्र कोरडं होऊन कितीतरी जास्त तापतं, आणि तिथे मायार अभिक्रिया चालते. लुई कामीय मायार या फ्रेंच संशोधकाने १९१२ साली तिचं वर्णन केलं: अमिनो आम्लं आणि काही विशिष्ट शर्करा तापल्या की तपकिरी रंग आणि शेकडो सुगंधी संयुगं तयार होतात. यातली मेख ‘काही विशिष्ट’ या शब्दांत आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या अभिक्रियेत थेट भाग घेतात, अखंड सुक्रोज घेत नाही. त्याची रासायनिक टोकं एकमेकांना जोडण्यातच अडकलेली असतात. केळ्यातल्या इन्व्हर्टेजने ती जोडी आधीच सोडवलेली असते, म्हणून अतिपिकलेल्या केळ्यांच्या लोफचं कवच जास्त खमंग होतं. कोको बिया भाजतानाही हीच अभिक्रिया झालेली असते. चॉकलेट आणि भाजलेलं केळं एकमेकांना इतकं का मानवतं, याचं मोठं कारण मला तरी यातच दिसतं.

साखरेचं आतल्या भागातलं काम डोळ्यांना दिसत नाही. गव्हाचा स्टार्च नुसत्या पाण्यात साठ अंशांच्या आसपास फुगायला लागतो. भरपूर साखर असेल तर ती पाणी धरून ठेवते आणि हे फुगणं पुष्कळ वरच्या तापमानावर ढकलते. अंड्यातली प्रथिनंही उशिरा घट्ट होतात. तेवढ्या अवधीत बुडबुडे मोठे होतात आणि मग लोफ त्या आकारात बसतो. कच्च्या केळ्यांनी इथे दुहेरी नुकसान होतं. साखर कमी पडते आणि केळ्याचा स्वतःचा स्टार्च फुगून खळीसारखा घट्ट होतो. सुरुवातीला विचारलेल्या चिकटपणाचं कारण हेच.

वेळेचा हिशेबही समजून घ्यावा. उष्णता आत झिरपायला लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट तर वेळ चौपट. त्यामुळे याच मिश्रणाचे मफिन वीस मिनिटांत होतात आणि लोफला तासभर लागतो. तोवर वरचं कवच घट्ट झालेलं असतं, मधला भाग अजून फुगत असतो, म्हणून लोफ वरून लांबट तडकतो. तो दोष नाही. कोकोमुळे रंगावरून अंदाज येत नाही, तेव्हा ५५ मिनिटांनंतर त्या तड्यातून सुई खुपसून बघावी. सुईला काळसर, गुळगुळीत, चकाकणारा थर लागला तर ते वितळलेलं चॉकलेट असू शकतं. दुसऱ्या जागी खुपसून खात्री करावी. कच्चं मिश्रण फिकं आणि दाणेदार असतं, बोटांत चोळलं की पिठूळ लागतं.

लोफ पूर्ण निवल्याशिवाय कापू नये, कारण निवताना स्टार्चच्या माळा पुन्हा जवळ येऊन त्याला आधार देतात. हीच क्रिया पुढे चालू राहिली की तो शिळा आणि कडक लागतो, आणि फ्रिजमधल्या चार-पाच अंशांना ती सर्वांत जोरात चालते. म्हणून दोन दिवसांत संपणार असेल तर लोफ गुंडाळून बाहेरच ठेवावा. केळ्यातलं फ्रुक्टोज ओलावा धरतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तो पहिल्या दिवसापेक्षा मऊ लागतो. जास्त दिवस ठेवायचा तर काप करून थेट फ्रीझरमध्ये टाकावेत, कारण ओलसर असल्याने बाहेर त्याला लवकर बुरशी येते. खाताना काप साठ अंशांच्या वर गरम केला की जवळ आलेल्या माळा पुन्हा सुटतात आणि काप जवळजवळ ताज्यासारखा होतो. आतलं चॉकलेट तर त्याआधीच, ३४ अंशांच्या सुमाराला, वितळलेलं असतं.