दीर्घकालीन परिसंस्था निरीक्षण प्रकल्पांतील पदे : पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये ५० हेक्टरांचा एक पट्टा आखून घेतला आणि त्यातील एक सेंटिमीटर व त्याहून जाड अशा प्रत्येक खोडाला क्रमांक दिला. पहिल्या गणनेत पंचवीस हजारांहून अधिक खोडे नोंदली गेली. तेव्हापासून कोणते झाड मेले आणि कोणते नव्याने मोजणीत आले याची नोंद दरवर्षी, तर सर्व खोडांच्या जाडीची मोजणी दर चार वर्षांनी होते. ऐन, धावडा, साग ही तेथील झाडे महाराष्ट्राच्या पानगळी जंगलांत फिरलेल्या कोणालाही ओळखीची वाटतील. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१५ मध्ये जाहीर केलेला दीर्घकालीन परिसंस्था निरीक्षणाचा कार्यक्रमही अशाच प्रकारच्या कामावर आधारलेला आहे. काम दशकानुदशके चालत असले, तरी त्यासाठी होणाऱ्या नेमणुका मात्र मुदतीच्या असतात आणि अर्जदाराने सर्वप्रथम हीच बाब समजून घ्यावी.

केंद्र सरकारच्या निधीवर चालणाऱ्या संशोधन प्रकल्पांतील पदे साधारणपणे विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या जुलै २०२० च्या आदेशानुसार ठरतात. ‘प्रोजेक्ट असोसिएट-१’ या पदासाठी विज्ञानातील पदव्युत्तर किंवा अभियांत्रिकी, वैद्यक शाखेची पदवी लागते आणि वयोमर्यादा ३५ वर्षे असते. या आदेशात नेट, गेट यांसारखी राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दरमहा ३१,००० रुपये आणि इतरांना २५,००० रुपये, त्याशिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता, असे मानधन ठरवले होते. दोन वर्षांचा अनुभव असलेल्यांसाठी याच्या वरचे ‘असोसिएट-२’ हे पद आहे. बी.एस्सी. झालेल्यांना किंवा तीन वर्षांची पदविका घेतलेल्यांना ‘प्रोजेक्ट असिस्टंट’ पदासाठी अर्ज करता येतो, तर ‘फील्ड वर्कर’साठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, या दोन्ही पदांची वयोमर्यादा ५० वर्षे आहे. पुढील काळात मानधनाचे दर वाढले असले, तरी जुन्या दराने मंजुरी मिळालेल्या प्रकल्पांत जुनी रक्कमही दिली जाते, म्हणून जाहिरातीत छापलेला आकडाच ग्राह्य धरावा.

या रचनेत एक उणीव आहे. नुसत्या सालीवरून झाड ओळखणारा आणि हत्तीची चाहूल आधी घेणारा स्थानिक आदिवासी सहायक पदवीअभावी यांपैकी कोणत्याही पदावर बसत नाही. त्याला बहुधा रोजंदारीवर घेतले जाते, आणि त्यासाठी छापील जाहिरात नसते. जंगलाजवळच्या क्षेत्रकेंद्रावर प्रत्यक्ष जाऊन विचारणे हाच त्याचा अर्ज असतो.

कागदपत्रांपैकी दहावीचे प्रमाणपत्र, सर्व गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, नेट किंवा गेटचा निकाल आणि अनुभवाचे दाखले ही नेहमीची आहेत. श्रेणी पद्धतीने निकाल लागला असल्यास विद्यापीठाच्या सूत्रानुसार काढलेली टक्केवारी जोडावी. महाराष्ट्रातील उमेदवारांचा घोटाळा होतो तो जातीच्या दाखल्यावर. केंद्रीय संस्थेत इतर मागासवर्गाची वयाची सवलत हवी असेल, तर आपली जात केंद्राच्या यादीत आहे की नाही हे पाहून केंद्रीय नमुन्यातील, उन्नत गटात मोडत नसल्याचा (नॉन-क्रीमी लेअर) दाखला तहसील किंवा सेतू कार्यालयातून काढावा लागतो. राज्याच्या नोकरीसाठी काढलेला दाखला तेथे चालत नाही. विमुक्त जाती-भटक्या जमाती हा प्रवर्ग केंद्राच्या आरक्षणात स्वतंत्रपणे नाही, त्यामुळे त्यातील उमेदवारांनी आपली जात केंद्राच्या कोणत्या यादीत येते हे आधीच तपासावे. दाखला हाती येण्यास वेळ लागतो आणि जाहिरातीची मुदत अनेकदा दोन-तीन आठवड्यांचीच असते, म्हणून हे काम जाहिरात निघण्यापूर्वीच उरकून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

अर्ज बहुतेक वेळा ई-मेलने, सर्व कागद एकाच पीडीएफमध्ये जोडून मागवला जातो. थेट मुलाखत असेल, तर मूळ कागदपत्रे आणि स्वसाक्षांकित प्रतींचा एक संच सोबत न्यावा. प्रवासखर्च सहसा मिळत नाही. मुलाखतीत झाडांची ओळख विचारतात, पण त्याहून अधिक विचारतात ते सातत्याबद्दल. खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजायचा आणि पुढच्या वेळीही नेमका तेथेच मोजायचा असतो. मोजणारा माणूस अर्ध्या हंगामात निघून गेला, की आकड्यांत फरक पडू लागतो. किती काळ थांबणार, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच खरे द्यावे.

निवड झाल्यावरही लगेच जंगलात जाता येत नाही. अभयारण्यात संशोधनासाठी प्रवेश करण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना लागतो. महाराष्ट्रात हे अधिकार नागपूर येथील प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे आहेत. नव्या माणसाचे नाव परवान्यात चढवण्यासाठी ओळखपत्राची प्रत व छायाचित्रे मागितली जातात; ती रुजू होण्याच्या दिवशीच द्यावीत.

ज्यांना नोकरी नको, पण निरीक्षणात भाग घ्यायचा आहे, अशा व्यक्तींना आणि शाळांना ‘सीझनवॉच’ या उपक्रमात पदवी किंवा वयाच्या अटीशिवाय नाव नोंदवता येते. आंबा, फणस, बहावा अशा यादीतील एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पाने, फुले व फळे ‘नाहीत, थोडी, पुष्कळ’ अशा श्रेणीत नोंदवायची असतात. शाळेने झाड निवडताना ते मे महिन्याच्या सुट्टीतही कोणाच्या तरी येण्याजाण्याच्या वाटेवर असेल असे पाहावे, कारण बहावा फुलतो तो नेमका त्याच दिवसांत.